ठिणगीला परवडणारे सूर

माझ्या संगणकावर सध्या एकाच रचनेच्या अकरा प्रती जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतली पहिली प्रत पियानोच्या दोन्ही हातांसाठी लिहिलेली होती आणि स्पीकरवर आजही तीच सर्वांत सुंदर वाजते; अकराव्या प्रतीत तिच्यातले निम्म्याहून कमी स्वर उरले आहेत, स्पीकरवर ती ओकीबोकी वाटते, आणि तरीही टेस्ला कॉइलवर, म्हणजे हवेत विजेच्या लांब ठिणग्या सोडणाऱ्या वेटोळ्यांच्या यंत्रावर, ऐकण्याजोगी म्हणावी अशी तीच एक आहे. मधल्या नऊ प्रतींमध्ये मी काय काढले, काय हलवले आणि कशामुळे, याची टिपणे एका वहीत साठत गेली होती. ती परवा सलग वाचली तेव्हा लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नातून आलेला आहे: हा स्वर वाजवायला किती खर्च येतो, आणि तेवढी शिल्लक आपल्याकडे आहे का? पियानोसाठी लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. कॉइलसाठी लिहिणाऱ्याला तो प्रत्येक मात्रेला पडावा लागतो, आणि पडला नाही तर कॉइल तो आपल्या पद्धतीने विचारते.

आधी ठिणगी गाते कशी हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावरच उभे आहेत. संगीत वाजवणाऱ्या आजच्या बहुतेक मोठ्या कॉइल अर्धवाहक स्विचांवर चालतात. वीज आत घेणारी प्रायमरी आणि ठिणगी सोडणारी सेकंडरी ही दोन्ही मंडले एकमेकांशी जुळतील अशा अनुनादात ठेवलेली असतात, आणि आयजीबीटी या ताकदवान अर्धवाहक स्विचांचा ब्रिज प्रायमरीला त्या वारंवारतेने झोके देत राहतो. माझ्या कॉइलची ही वारंवारता साधारण १०० किलोहर्ट्झ आहे, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. त्यामुळे सूर तिच्यावरून ठरत नाही. सूर ठरतो तो कॉइल सेकंदातून किती वेळा चालू आणि बंद केली जाते त्यावरून. इंटरप्टर नावाचे एक छोटे मंडल ब्रिज चालवणाऱ्या ड्रायव्हरला १०० मायक्रोसेकंदांपुरते ‘चालू’ म्हणते, गप्प बसते, आणि ठरलेल्या वेळाने पुन्हा ‘चालू’ म्हणते. या प्रत्येक ‘चालू’ला पल्स म्हणतात. त्या १०० मायक्रोसेकंदांत प्रायमरीची दहा आवर्तने होतात, सेकंडरीच्या टोकावरचे व्होल्टेज चढत जाते, हवा विद्युतभारित होऊन फुटते आणि ठिणगीच्या वाटेतली हवा इतक्या एकाएकी तापते की तिच्या प्रसरणाने दाबाचा एक धक्का बाहेर फेकला जातो. आकाशातल्या विजेचा कडकडाट याच कारणाने होतो. असे ४४० धक्के दर सेकंदाला सारख्या अंतराने कानावर आदळले की आपण त्यांना ४४० हर्ट्झचा एक स्वर म्हणून ऐकतो.

विजेच्या ज्योतीला गायला लावण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांची कॉइल १८९१ सालची. त्यानंतर काही वर्षांनी, १८९९ मध्ये, विल्यम डडेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कार्बनच्या आर्क दिव्याला कपॅसिटर आणि वेटोळे जोडून त्याच्यातून हवा तो स्वर काढून दाखवला होता. टेस्ला यांच्या काळातल्या कॉइलमध्ये मात्र स्विचचे काम स्पार्क गॅप, म्हणजे दोन धातूंच्या टोकांमधली हवेची फट, करत असे आणि त्या गॅपचा स्वतःचाच कर्कश आवाज सगळ्यावर पसरत असे. पल्स हवी तेव्हा सुरू करणे आणि हवी तेव्हा थांबवणे शक्य झाले ते ताकदवान अर्धवाहक स्विच हाताशी आल्यावर.

मिडी हा या कामासाठी जणू मुद्दाम घडवलेला आराखडा वाटतो, जरी १९८३ साली तो आला तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलू शकावेत एवढाच त्याचा हेतू होता. मिडी फाइलमध्ये ध्वनी नसतो. कोणता स्वर केव्हा सुरू झाला, किती जोराने वाजला आणि केव्हा सुटला, एवढ्याच नोंदी असतात. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत; ६९ क्रमांकाचा स्वर ४४० हर्ट्झचा आणि तिथून वर प्रत्येक अर्धस्वराला वारंवारता सुमारे १.०५९५ पटीने वाढते, म्हणजे बारा पायऱ्यांत बरोबर दुप्पट होते. इंटरप्टरने क्रमांक वाचायचा, वारंवारता काढायची, दोन पल्समधले अंतर मायक्रोसेकंदांत मांडायचे आणि टायमर सुरू करायचा. ६९ साठी हे अंतर २२७३ मायक्रोसेकंद येते, तर ६० साठी ३८२२. इथपर्यंत सगळे सोपे आहे, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी मला वाटले होते की इंटरनेटवर मिळणारी कोणतीही मिडी फाइल उचलावी आणि कॉइलला द्यावी.

आता खर्चाकडे वळू. पल्स १०० मायक्रोसेकंदांची धरली तर ६० क्रमांकाच्या, म्हणजे २६१.६ हर्ट्झच्या स्वरासाठी कॉइल एकूण वेळेच्या २.६ टक्के चालू असते. ६९ साठी ४.४ टक्के. आणखी वर, ८४ क्रमांकाच्या १०४६.५ हर्ट्झला हेच प्रमाण १०.५ टक्क्यांवर जाते, आणि त्याच्याही वरच्या सप्तकात, ९६ वर, २१ टक्क्यांवर. उलट खर्जातला ३६ क्रमांकाचा स्वर ०.६५ टक्क्यात भागतो. हे प्रमाण म्हणजेच ड्यूटी सायकल. स्विच किती तापणार, मुख्य कपॅसिटर किती रिकामे होणार आणि फ्यूज टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते. माझ्या कॉइलला मी ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. दुसऱ्या कोणाची कॉइल अधिक सोसत असेल, पण कुठलीतरी मर्यादा प्रत्येकीला असतेच. स्पीकरवर तार सप्तकातला स्वर आणि मंद्रातला स्वर ऐकणाऱ्याला सारखेच सहज मिळतात. कॉइलवर एक स्वर दुसऱ्याच्या तीसपट महाग असू शकतो, आणि मिडी फाइलमध्ये दोघांची नोंद मात्र सारख्याच तीन बाइटांची असते.

यावर सरळ उपाय असा दिसतो की वरच्या स्वरांसाठी पल्स आखूड करावी. तो करावाच लागतो, पण त्याला खालून एक अट आहे. ९६ क्रमांकाचा स्वर ५ टक्क्यांत बसवायचा तर पल्स २४ मायक्रोसेकंदांची उरते, म्हणजे प्रायमरीची जेमतेम अडीच आवर्तने. एवढ्यात सेकंडरीवर व्होल्टेज चढतच नाही. ठिणगी फुटत नाही आणि ठिणगी नाही तर आवाजही नाही. माझ्या कॉइलवर ५० मायक्रोसेकंदांच्या खाली काहीच घडत नाही, वरच्या कड्यावर टोकदार तार बसवून ठिणगीला वाट सोपी करून दिल्यावरसुद्धा. या दोन्ही मर्यादा एकत्र मांडल्या की वरची सीमा आपोआप ठरते. माझ्यासाठी ती ८१ क्रमांकाला आहे, म्हणजे ८८० हर्ट्झ: तिथे ५ टक्क्यांत ५७ मायक्रोसेकंदांची पल्स बसते आणि ठिणगी आखूड का होईना, पण येते. मांडणीची सुरुवात मी आता याच सीमेपासून करतो. रचनेतला सर्वांत उंच स्वर शोधायचा, आणि तो ८१ च्या खाली येईल इतके अर्धस्वर संपूर्ण रचना उतरवायची. फक्त उंच गेलेले स्वर तेवढे एक सप्तक खाली ओढण्याचा मोह होतो, पण तसे केले की चढत जाणारी सुरावट मधेच कोसळते आणि ऐकणाऱ्याला ती चूकच वाटते. उतरवायचेच असेल तर संपूर्ण ओळ उतरवावी, निदान श्वास घेण्याची जागा पाहून तिथून पुढची तरी.

खालच्या बाजूला स्वर स्वस्त आहेत, पण तिथली अडचण वेगळी आहे. ३६ क्रमांकाच्या स्वराला सेकंदाला ६५ पल्स मिळतात. तो स्वर एका द्रुत तानेत ५० मिलिसेकंदांसाठी येत असेल तर त्याच्या वाट्याला तीनच पल्स येतात. तीन पल्समध्ये कानाला सूर सापडत नाही, केवळ कडकड ऐकू येते. खर्जातल्या वेगवान हालचाली म्हणूनच सपशेल वाया जातात, आणि तिथे मी दर मात्रेला एकच लांब स्वर ठेवून बाकीचे गाळतो. शिवाय ठिणगी एकदम पूर्ण लांबीची होत नाही. आधीच्या पल्सने तापवलेली वाट पुढच्या पल्सला सोपी जाते आणि ती काही पल्समध्ये वाढत जाते. लांब स्वर ऐकायला जसा भरतो तसा तो पाहायलाही भरतो, आणि कॉइलचे संगीत अर्धे डोळ्यांनी ऐकले जाते हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

यानंतर एकाच वेळी अनेक स्वर वाजवण्याचा प्रश्न येतो, आणि माझे सर्वाधिक दिवस त्यातच गेले. तीन स्वरांचा साधा कॉर्ड घ्या: २६१.६, ३२९.६ आणि ३९२ हर्ट्झ. सेकंदाला ९८३ पल्स होतात, म्हणजे खर्चाच्या दृष्टीने हा कॉर्ड जवळपास ८४ क्रमांकाच्या एका स्वराइतका महाग आहे, आणि तो ८४ माझ्या सीमेबाहेर आहे. पण खरी गुंतागुंत बेरजेत नसून पल्सच्या टकरीत आहे. कॉइलला तोंड एकच. दोन स्वरांच्या पल्स एकमेकींवर आल्या तर दोन ठिणग्या उडत नाहीत. एक तर दोन्ही मिळून एकच पल्स होते, किंवा एकमेकींना चिकटून एक लांब पल्स तयार होते. आणि लांब पल्स धोक्याची, कारण प्रायमरीतला प्रवाह प्रत्येक आवर्तनागणिक वाढत जातो.

हे मला एका बिघाडाने शिकवले. मी स्वतः बनवलेला पहिला इंटरप्टर एसडी कार्डवरून फाइल वाचत असे, प्रत्येक स्वराला एक टायमर देत असे, आणि कोणताही टायमर ‘चालू’ म्हणत असेल तर कॉइल चालू ठेवत असे. रचनेच्या डाव्या हातात ११० आणि २२० हर्ट्झ असा सप्तकाच्या अंतराने दुहेरी केलेला खर्ज होता. पियानोवर डाव्या हाताला भरदारपणा आणण्याची ही सर्वांत सोपी युक्ती आहे. कॉइलवर ती जोडी सुरू झाली की पहिल्यांदा फक्त २२० चाच स्वर ऐकू येई, खालचा जणू लिहिलेलाच नव्हता; मग साधारण अर्ध्या सेकंदाने ओव्हरकरंट संरक्षण, म्हणजे प्रवाह फार वाढला की कॉइल बंद करणारी सोय, लागू होई आणि सगळे गप्प. माझ्या ड्रायव्हरमध्ये ते संरक्षण एकदा लागले की हाताने पुन्हा चालू करावे लागे, त्यामुळे प्रत्येक प्रयोगानंतर उठून जाणे आले. मी सोल्डरचे डाग तपासले, गेट ड्राइव्ह तपासले, थर्मल पेस्ट बदलली. आणखी चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे तीच फाइल संगणकावरून मिडी केबलने पाठवली की काहीच बिघडत नसे.

उत्तर शेवटी कागदावर सापडले. दोन्ही टायमर एकाच क्षणी सुरू होत, त्यामुळे ११० ची प्रत्येक पल्स २२० च्या एकाआड एक पल्सवर नेमकी बसे आणि तिच्यात नाहीशी होई. बाहेर पडे तो केवळ २२०. पण ११० हर्ट्झचे अंतर ९०९०.९ मायक्रोसेकंद आणि २२० चे ४५४५.४५, आणि माझे टायमर पूर्ण मायक्रोसेकंदांतच मोजत. त्यांनी एक ९०९१ धरले आणि दुसरे ४५४५, ज्याची दुप्पट ९०९० होते. प्रत्येक फेरीला एक मायक्रोसेकंदाचा फरक, आणि सेकंदाला अशा ११० फेऱ्या. अर्ध्या सेकंदात दोन पल्स एकमेकींपासून ५५ मायक्रोसेकंद सरकत, पण अजून चिकटलेल्या असत. त्यामुळे १०० ची पल्स वाढत वाढत १५५ मायक्रोसेकंदांची होई आणि प्रवाह मर्यादा ओलांडे. केबलवरून पाठवताना मात्र एका स्वराच्या तीन बाइटांना, सेकंदाला ३१,२५० बिटांच्या वेगाने, ०.९६ मिलिसेकंद लागत. दुसरा स्वर तेवढ्या उशिरा सुरू होई आणि टक्कर कित्येक सेकंद पुढे ढकलली जाई, तोवर तो स्वर संपलेला असे. हे गणित जुळले त्या रात्री मला बिघाडाविषयी राग उरला नाही, उलट थोडे कौतुकच वाटले.

आताच्या इंटरप्टरमध्ये सगळ्या स्वरांची गोळाबेरीज झाल्यावर पल्सच्या लांबीला १४० मायक्रोसेकंदांची कमाल मर्यादा आहे आणि दोन पल्समध्ये सक्तीची विश्रांती आहे. तरीही मांडणीतून सप्तकाची जोडी मी काढूनच टाकली, कारण जिथे ती बिघाड करत नाही तिथेही ती काही देत नाही. इतक्या अरुंद पल्सच्या ध्वनीत मूळ स्वराचे उपस्वर जवळजवळ मुळाइतक्याच जोराने उमटतात. ११० हर्ट्झ एकटा वाजवला तरी त्यात २२०, ३३०, ४४० अशी पुढची रांग आयतीच असते. पियानोच्या स्वराला भरीव करण्यासाठी वरचे सप्तक जोडावे लागते. कॉइलच्या स्वरात ते आधीपासूनच आहे. नादाची जात कोणतीही निवडता येत नाही, एकच जात मिळते, आणि ती बासरीपेक्षा सनईच्या बाजूची आहे. याच कारणाने मंद्रातले जवळजवळचे स्वर एकत्र लिहिले की उपस्वरांची एवढी गर्दी होते की कॉर्ड न राहता गोंगाट होतो; पंचमाचे अंतर चालते, गांधाराचे अंतर निदान मध्य सप्तकात ठेवावे.

कॉर्डशिवाय कॉर्डचा भास निर्माण करण्याचे दोन मार्ग मला उपयोगी पडले, आणि दोन्ही दुसऱ्यांच्या गरिबीतून आलेले आहेत. १९८२ सालच्या कमोडोर ६४ या संगणकाच्या ध्वनी-चिपमध्ये एका वेळी तीनच आवाज निघत. तिच्यासाठी लिहिणारे लोक कॉर्डचे स्वर एकामागून एक इतक्या वेगाने फिरवत की कान ते एकत्र जोडून घेई. ही युक्ती कॉइलवर चालते, मात्र फिरण्याचा वेग जपून ठरवावा लागतो. २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात ४४० हर्ट्झला सुमारे नऊ पल्स मिळतात, ११० ला दोनच. मी ४० मिलिसेकंदांचे तुकडे धरतो आणि ते मध्य सप्तकाच्या खाली नेत नाही. दुसरा मार्ग अधिक संयमी आहे. बाखच्या एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा सुइट्समध्ये बहुतेक वेळ एकच ओळ चालते, पण ती ओळ खर्जातल्या एका स्वराला स्पर्श करून वर जाते, पुन्हा खाली येऊन पुढच्या खर्जाला स्पर्श करते, आणि ऐकणारा मनात दोन आवाज वेगळे धरून ठेवतो. माझ्या अकराव्या प्रतीतला डावा हात असाच उजव्या हाताच्या ओळीत विरघळलेला आहे. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. प्रत्येक मात्रेला बसून ठरवावे लागते. दोन कॉइल असतील तर एकीला सुरावट आणि दुसरीला खर्ज देऊन बराचसा हा व्याप टाळता येतो, आणि मग दोघींचा खर्चही वेगवेगळ्या खात्यांवर पडतो. माझ्याकडे एकच आहे.

मिडीतल्या ‘व्हेलॉसिटी’ या आकड्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याचा अर्थ इथे पार बदलतो. पियानोवर तो पट्टी किती जोराने दाबली हे सांगतो. कॉइलवर त्याचे रूपांतर पल्सच्या लांबीत होते. १ ते १२७ ही श्रेणी सरळ शून्यापासून १०० मायक्रोसेकंदांवर पसरवली तर निम्मे हळुवार स्वर ठिणगीच्या उंबरठ्याखाली जाऊन नाहीसेच होतात, म्हणून मी ती ५५ ते १०० मायक्रोसेकंदांत बसवली आहे. त्यामुळे फार हळू आणि फार मोठा यांतले अंतर लहान होते, ही तडजोड आहे. कॉइलला कुजबुजता येत नाही. हळुवारपणा हवा असेल तिथे मी स्वर आखूड करतो आणि त्यांच्यामध्ये जागा सोडतो; आवाज तेवढाच राहतो, पण गर्दी कमी झाल्याने ऐकणाऱ्याला तो मागे सरल्यासारखा वाटतो.

फाइलची साफसफाई हे कंटाळवाणे पण न टाळता येणारे काम आहे. सर्वप्रथम दहावा चॅनल काढावा. तो तालवाद्यांसाठी राखीव असतो आणि तिथे क्रमांकाचा अर्थ सूर नसून वाद्य असा असतो: ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हाय-हॅट. इंटरप्टरला हे ठाऊक नसेल तर तो बिचारा ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला ६५ हर्ट्झचा सूर लावून मोकळा होतो. ताल हवाच असेल तर खर्जातल्या दोन-तीन पल्सचा एक धक्का मी स्वतंत्रपणे लिहितो, आणि तो खरोखर चांगला वाजतो. ज्या दोषामुळे खर्जातली तान वाया जाते तोच इथे गुण ठरतो. त्यानंतर ६४ क्रमांकाचा कंट्रोल, म्हणजे पियानोचे सस्टेन पेडल, पूर्ण काढावे, नाहीतर सुटलेले स्वर एकमेकांवर साचत जातात आणि खर्च कधी वाढला ते कळत नाही. शेवटी स्वरांच्या शेपट्या छाटाव्यात. माणसाने वाजवून नोंदवलेल्या फाइलमध्ये एक बोट उठण्याआधी दुसरे पडलेले असते. तेवढा ओलांडा कानाला गोड लागतो, पण कॉइलसाठी तो एका छोट्या, अनपेक्षित कॉर्डसारखा असतो. प्रत्येक स्वर पुढच्याच्या १५ मिलिसेकंद आधी संपवला की स्वर सुटे आणि स्पष्ट होतात, आणि मुख्य कपॅसिटरलाही श्वास घ्यायला फट मिळते.

एक गंमत जाता जाता. जिथे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे तिथे एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरच्या व्होल्टेजवर १०० हर्ट्झची लहर असते, आणि मुख्य कपॅसिटर लहान असेल तर ती लपत नाही. ४३ क्रमांकाचा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. दोघांतल्या फरकामुळे तो स्वर सेकंदाला दोनदा हेलकावे खातो, शेजारच्या स्वरांत असा संथ हेलकावा नसताना. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले की फाइलमध्येच कोणीतरी कंप लिहून ठेवला आहे. रचना एक अर्धस्वर सरकवली की तो हेलकावा अधिक जलद होतो आणि तितका खटकत नाही.

ज्या एका बाबतीत कॉइल अनपेक्षितपणे उदार आहे ती म्हणजे मींड. संवादिनीला पट्ट्या आहेत, त्यामुळे दोन स्वरांमधली जागा तिला माहीतच नसते. कॉइलला पट्ट्या नाहीत. दोन पल्समधले अंतर हवे तेवढे, हवे तेव्हा बदलता येते आणि त्याला वेगळा खर्च नाही. मिडीत यासाठी पिच बेंड असते, १६,३८४ पायऱ्यांचे, मध्यबिंदू ८१९२ वर, आणि काही वेगळे सांगितले नसेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांपर्यंत जाणारे. इंटरप्टरने नवे अंतर चालू पल्स संपल्यावरच लागू करावे एवढे पथ्य पाळले की ठिणगी एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाते. इतक्या रांगड्या आवाजात एवढी नाजूक हालचाल ऐकताना अंगावर काटा येतो. माझ्या मते कॉइलसाठी मुळातूनच लिहिले गेलेले संगीत पियानोकडे न पाहता इकडे पाहील: एकच ओळ, लांब स्वर, त्यांना जोडणाऱ्या मींडी.

तयार झालेली फाइल मी थेट कॉइलवर नेत नाही. आधी संगणकावरच्या सिंथेसायझरला ५ टक्के रुंदीची पल्स लहर देऊन तिथे ऐकतो. पियानोचा आवाज लावून ऐकणे ही स्वतःची फसवणूक आहे. मग एक छोटी आज्ञावली संपूर्ण फाइल वाचून प्रत्येक दशांश सेकंदाची ड्यूटी सायकल काढते आणि ५ टक्क्यांपलीकडच्या जागा दाखवते. त्यानंतर कमी व्होल्टेजवर एक फेरी, आणि मग पूर्ण. इंटरप्टर आणि कॉइल यांच्यामध्ये ऑप्टिकल फायबर असते, कारण कॉइलच्या शेजारी तांब्याची तार अँटेना होऊन बसते; शिवाय फायबर निसटले तर प्रकाश थांबतो आणि कॉइल आपोआप बंद होते. स्वर सुटल्याचा संदेश वाटेत हरवला तर कॉइल तोच स्वर धरून बसेल, म्हणून चार सेकंदांपेक्षा लांब कोणताही स्वर इंटरप्टर स्वतःच तोडतो. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू कॉइलजवळ येऊ नये, बंद खोलीत ओझोन साठतो, कानांना संरक्षण हवे, आणि वीज बंद केल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरलेला असतो. तो उतरल्याचे मीटरने पाहिल्याशिवाय मी हात पुढे करत नाही.

अकराव्या प्रतीत मी एकच खरा कॉर्ड राहू दिला आहे, अगदी शेवटच्या ओळीत. २२०, २६१.६ आणि ३२९.६ हर्ट्झ मिळून सेकंदाला ८११ पल्स होतात, आणि ५ टक्क्यांत बसवायचे तर प्रत्येकीला ६१ मायक्रोसेकंद मिळतात. ठिणग्या आखडतात, आवाज थोडा चिरका होतो, पण तीनही स्वर ओळखू येतात. त्यानंतर अर्ध्या मात्रेची शांतता आहे आणि मग ११० हर्ट्झचा एकटा स्वर, १४० मायक्रोसेकंदांच्या पल्सने, दोन सेकंद. त्याला दीड टक्काही पुरतो आणि संपूर्ण रचनेतली सर्वांत लांब ठिणगी त्यावर निघते. पियानोच्या प्रतीत त्या जागी दोन्ही हातांचे मिळून आठ स्वर होते.